रिठ्याच्या बियांची जपमाळ: घरी मणी कसे तयार करायचे

जपमाळ स्वतःच्या हाताने करायची ठरवली की पहिल्यांदा मोबाइलवर ‘ओरिजिनल बोधी सीड’ शोधलं जातं. ते करण्याआधी एवढं माहीत असू द्या, की ज्या पिंपळाखाली सिद्धार्थ गौतमाला बोधी प्राप्त झाली, त्या झाडाच्या बियांची माळ करता येत नाही. पिंपळाचं फळ फोडून बघा. आतली बी मोहरीपेक्षाही बारीक असते, तिला भोक कुठून पाडणार? बोधीच्या नावाने जे मणी विकले जातात ते दुसऱ्याच झाडांचे असतात. नेपाळच्या काभ्रे भागातले महागडे ‘बोधिचित्त’ मणी हे आपल्या बोराच्या कुळातल्या एका झाडाच्या बिया आहेत. पांढरट रंगाचे, बारीक ठिपक्यांचे आणि एका बाजूला चंद्रासारखा गोल असलेले मणी वेताच्या जातीतल्या एका वेलीचे. दोन्ही मणी छानच दिसतात, घ्यायला हरकत काहीच नाही. फक्त ‘पिंपळाचे’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

पिंपळाच्या लाकडाचे मणी करावेत का, असंही काही जण विचारतात. करू नयेत. ते लाकूड मऊ असतं, त्याला कीड आणि बुरशी पटकन धरते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. शिवाय शहरात झाड किंवा फांदी तोडायची तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

मी सुचवते तो रिठा. तोच, ज्याने आपली आजी केस आणि लोकरीचे स्वेटर धुवायची. त्याची काळी, टणक, गोल बी माळेसाठी जणू तयारच असते, आणि बौद्ध परंपरेतला तिचा मानही जुना आहे. चिनी भाषेतल्या बौद्ध ग्रंथसंग्रहात एक छोटं सूत्र आहे. एका राजाच्या राज्यात रोगराई, महागाई आणि लुटारूंचा उपद्रव असतो. त्याला साधनेला वेळच मिळत नाही, म्हणून तो बुद्धांकडे सोपा उपाय मागतो. उत्तर मिळतं ते असं: रिठ्याच्या १०८ बिया ओवून कायम जवळ ठेव, चालता-बसता-झोपता बुद्ध, धम्म, संघ म्हण आणि दर वेळी एक मणी पुढे सरकव. चंदन, स्फटिक, सोनं यांचं तिथे नावही नाही. जपानमध्ये रिठ्याच्या बियांच्या माळा आजही करतात. तिथे नवीन वर्षाच्या एका पारंपरिक खेळात पिसांचं फूल टोलवतात, त्याच्या बुडाशीही हीच बी असते.

पण माळ आपल्या धम्मात बसते का?

ठाण्यात किंवा ऐरोलीत कुणी ही माळ हातात घेऊन विहारात आलं, तर शेजारी बसलेल्या ताई हा प्रश्न विचारणारच. आणि तो रास्तही आहे. आपल्याकडच्या बहुतेक विहारांत त्रिसरण-पंचशील आणि बुद्धपूजा माळेशिवायच होते. माळ मुख्यतः तिबेट, चीन, जपान, म्यानमार इकडच्या बौद्धांच्या हातात दिसते. महाराष्ट्राला ती अगदीच परकी मात्र नाही. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत भृकुटी या बौद्ध देवीच्या हातात जपमाळ कोरलेली आहे.

माझं मत स्पष्ट आहे. माळ हे मोजायचं साधन आहे. तिने रक्तदाब उतरत नाही, नोकरी लागत नाही, घरातली ‘निगेटिव्हिटी’ जात नाही. ‘सिद्ध केलेली’, ‘एनर्जाइज्ड’ असं काही सांगून कुणी विकत असेल तर सरळ पुढे चालू लागा. मन भरकटलं की बोटाखालचा मणी त्याला परत जागेवर आणतो, एवढंच तिचं काम. आणि तेवढं पुष्कळ आहे.

१०८ आकड्याचा हिशोब सांगायचा तर तो विचारातून आलेला आहे. सहा इंद्रियं (मन धरून), त्यांतून होणाऱ्या सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेल्या अशा तीन वेदना (म्हणजे अनुभूती), त्या पुन्हा दोन प्रकारच्या, आणि भूत-वर्तमान-भविष्य असे तीन काळ. सहा गुणिले तीन गुणिले दोन गुणिले तीन, झाले १०८. म्यानमारमधले लोक आणखी सोयीचा हिशोब करतात. बुद्धांचे नऊ गुण, ‘इतिपि सो भगवा’मधले, एकेका मण्यावर एकेक गुण म्हणायचा. नऊ बारे १०८. बुद्धवंदना पाठ असलेल्याला वेगळं काही शिकावंच लागत नाही.

किती मण्यांची करावी

पहिली माळ २७ मण्यांची करा. चार फेऱ्या मारल्या की १०८ होतात, आणि नऊ गुण म्हणायचे तर एका फेरीत बरोबर तीनदा होतात. यामागे श्रद्धेपेक्षा गणित जास्त आहे. रिठ्याची बी साधारण १० ते १३ मिमी असते. सरासरी १२ धरली तर १०८ मण्यांची लांबी जवळजवळ १३० सेंटिमीटर भरते. गळ्यात घातली तर पोटापर्यंत लोंबेल. २७ ची माळ ३२-३३ सेंटिमीटरची होते, मुठीत मावते आणि लोकलमध्ये उभ्या उभ्याही फिरवता येते.

१०८ चीच हवी असेल तर लहान बी घ्या. कर्दळीच्या काटेरी बोंडातली काळी बी पाच-सहा मिमीची असते, तिची १०८ ची माळ ६५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. सोसायटीच्या बागेत कर्दळ असेल तर माळीकाकांना सांगून ठेवा, बोंडं सुकून फुटायला लागली की बिया गोळा करता येतील. घरात ड्रिलच नसेल तर कसई या गवताचे टणक दाणे घ्या, जिचे मणी वैजयंतीचे म्हणून विकतात. त्या दाण्याला निसर्गतःच आरपार वाट असते. जाड सुईने आतला काडीसारखा गाभा काढला की थेट ओवायला घ्यायचं.

तीन बियांपासून मात्र लांब राहा: गुंज, एरंड आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी. तिन्ही विषारी. गुंजेवरून लोक फसतात, कारण लाल-काळी गुंज दिसायला देखणी आणि सोनाराच्या तराजूत वर्षानुवर्षं वापरलेली. टरफल शाबूत असतं तोवर विष आत बंद असतं. भोक पाडलं की टरफल फुटतं आणि विषारी भुकटी तुमच्या बोटांवर, नाकाशी येते. गुंजेची तयार माळही लहान मुलांच्या घरात नको.

रिठे आणणे

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किराणा आणि काष्ठौषधीच्या दुकानांत रिठे मिळतात. नवी मुंबईकरांना कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात किंवा आयुर्वेदिक जिनसांच्या दुकानात मिळतील. तुर्भ्याच्या मसाला मार्केटला जायची गरज नाही, तिथला व्यवहार घाऊक. मागताना एक गोष्ट नक्की सांगा: “बियांसकट द्या.” नाहीतर दुकानदार चांगल्या मनाने बी काढलेली टरफलं पुढे करतो, कारण केस धुवायला गिऱ्हाईक तेच मागतं. फळ कानाशी धरून हलवा, आत बी खुळखुळली पाहिजे. २७ साठी पाव किलो पुरतं, १०८ साठी अर्धा किलो घ्या. बऱ्याच बिया पुढे बाद होतात.

दुकानात दोन प्रकार दिसतात. उत्तरेकडून येणारा मोठा, गोल रिठा आणि आपल्याकडचा, तीन फळं चिकटल्यासारखा दिसणारा लहान रिठा. मोठ्याची बी जास्त गोल असते, नवख्याने तोच घ्यावा. एका माळेत दोन्ही मिसळू नका, काहीही केलं तरी ती माळ ओबडधोबड दिसते.

साफ करणे आणि वाळवणे

रिठे रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी गर लिबलिबीत होतो आणि बोटांनीच सुटतो. फेस खूप होतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नका, भयंकर झोंबतो. फेसाचं पाणी टाकू नका, त्यात चांदीचे दागिने, रेशमी साडी, लोकर छान निघते.

बिया दोन-तीन पाण्यांनी धुऊन चोथ्याने घासा. बीच्या एका टोकाला, जिथे ती फळाला चिकटलेली असते, तिथे फिकट डाग आणि थोडी लव असते. ती जुन्या सुरीने खरवडा, पण पार नितळ करायच्या नादाला लागू नका. भोक तिथेच पडणार आहे आणि दोऱ्यात ती जागा लपणार आहे.

आता बिया पाण्याच्या भांड्यात टाका. वर तरंगतील त्या बाजूला काढा, त्यांतल्या बऱ्याच पोकळ किंवा किडक्या निघतात. बुडालेल्यांवरही नजर टाका. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तर आत किडा होता किंवा अजून आहे.

मग वाळवणं. इथे घाई करणारे पुढे पस्तावतात. बी बाहेरून कोरडी वाटते, पण आतला गर ओलसर असेल तर भोक पाडल्यावर त्यात बुरशी येते. हिवाळ्यात-उन्हाळ्यात आठवडाभर खिडकीच्या ग्रिलमध्ये, सुपात पसरून ठेवा. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका, दमट हवेत बी वाळत नाही. पावसाळ्यातच करायची हौस असेल तर बिया आधी वाळवून बरणीत भरून ठेवलेल्या असाव्यात.

वाळल्यावर आकाराप्रमाणे निवडा. जाड पुठ्ठ्याला १०, ११, १२ मिमीची भोकं पाडून त्यांतून एकेक बी घालून बघा. चांगल्या माळेत शेजारच्या दोन मण्यांत फरक जाणवत नाही, भले पहिल्या आणि चौदाव्या मण्यात असेना का.

भोक पाडणे

खरी कसोटी इथे. हत्यारं साधीच लागतात: लहान ड्रिल मशीन (चार्जिंगचं असेल तर उत्तम), १.५ मिमीचे एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट तीन-चार, कारण ते मोडतात, एक टोच्या, लहान व्हाइस (वस्तू घट्ट पकडणारा शिकंजा), मास्क आणि चष्मा. ठाणे स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत किंवा वागळे इस्टेटमध्ये हे सगळं मिळतं. लाकडावर चालणारे स्वस्त बिट घेऊ नका, रिठ्याच्या कवचावर त्यांची धार लगेच जाते.

बी बोटात धरून ड्रिल करायचं नाही, ती निसटते आणि बिट बोटात जातं. व्हाइसच्या दोन्ही जबड्यांना तुटलेल्या चपलेच्या रबराचे तुकडे लावा आणि मधे बी अशी बसवा की खरवडलेलं टोक बरोबर वर येईल. जेमतेम हलणार नाही इतकंच आवळा, जास्त आवळलं तर कवच तडकतं.

टोच्याने त्या टोकावर बारीक खळगी करा, म्हणजे बिट घसरणार नाही. ड्रिल सर्वांत कमी वेगावर ठेवा आणि मशीनला तिच्या वजनाने उतरू द्या, रेटू नका. सुरुवातीला करकर आवाज येतो आणि काळी भुकटी निघते. तेवढ्यात आवाज बदलतो, बिट एकदम आत शिरतं आणि पिवळसर, तेलकट चुरा वर यायला लागतो. कवच पार झालं, आता तुम्ही गरात आहात. इथे थांबा. बिट बाहेर काढून ब्रशने पुसा, तेलकट चुरा बिटाच्या खाचांत बसला की ते तापतं आणि भोक करपतं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. समोरच्या कवचाला बिट टेकलं की आवाज परत कडक होतो. तिथे बी काढून उलटी बसवा आणि दुसऱ्या टोकावर खळगी करून तिकडून भोक पाडा. दोन्ही बाजूंनी आलं की कडा फुटत नाही. एकाच बाजूने आरपार गेलात तर बाहेर पडताना कवचाचा कपचा उडतो, आणि रिठ्याच्या काळ्या बीवर तो पांढरा डाग लांबून दिसतो.

दोन्ही भोकं किंचित चुकली तर घाबरू नका. आतला गर मऊ असल्याने जाड सुई फिरवली की वाट जुळते. फारच तिरपं गेलं तर ती बी बाद.

मास्कबद्दल आळस नको. रिठ्याचा बारीक कण नाकात गेला की शिंका थांबत नाहीत, म्हणून आधी बिया नीट धुतलेल्या असणंही महत्त्वाचं. काम गॅलरीत करा, खाली वर्तमानपत्र पसरा, आणि दुपारची दोन ते चार ही वेळ टाळा. ड्रिलचा आवाज तीन मजले ऐकू जातो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धम्मचर्चा व्हायला नको.

भोक झालेल्या बिया तारेत ओवून दोन दिवस पुन्हा उन्हात टांगा, आतला उघडा पडलेला गर सुकतो. मग कडा काचपेपरने, शून्य नंबरच्या, हलकेच घासा. पॉलिशची गरज नसते, हाताळून हाताळून बीला आपोआप चकाकी येते. हवंच असेल तर फडक्यावर किंचित मधमाश्यांचं मेण घेऊन चोळा. खोबरेल लावू नका, महिन्याभरात खवट वास सुटतो.

मेरूमणी

फेरी कुठे संपली हे बोटाला कळावं, म्हणून एक वेगळा मणी. तो मोजणीत धरत नाहीत. बाजारात तीन तोंडांचा तयार मेरूमणी मिळतो, पण मला सागरगोटा आवडतो. करडा, गुळगुळीत, आणि अंधारातही रिठ्याहून वेगळा लागतो. त्याचं कवच रिठ्याहूनही टणक, त्यामुळे आधी कानशीने एक सपाट जागा करून घ्या. त्याला ३ मिमीचं भोक लागतं, कारण दोऱ्याची दोन्ही टोकं त्यातून एकत्र जाणार आहेत. आधी दीडचं बिट, मग तीनचं.

ओवणे

दोरा कोणता? मासेमारीची तंगूस नको, तिची गाठ निसटते आणि हाताला बोचते. रेशमी दोरा देखणा, पण घामाने कुजतो. चपला शिवायचा मेणदोरा किंवा एक मिमीचा विणलेला नायलॉन दोरा सर्वांत टिकाऊ. २७ मण्यांसाठी साधारण एक मीटर कापा. १०८ साठी माळेच्या लांबीच्या दुप्पट आणि वर हातभर.

दोऱ्याचं टोक सुपरग्लूच्या एका थेंबात बुडवून वाळवा, ते ताठ होतं आणि सुई लागत नाही. सगळे मणी एकाच दिशेने ओवा, खरवडलेलं टोक नेहमी डावीकडे. मग दोन्ही टोकं मेरूमण्यातून बाहेर काढा आणि गाठ मारण्याआधी माळ बोटावर फिरवून बघा. अंगठा मावेल एवढी रिकामी जागा दोऱ्यात राहिलीच पाहिजे. घट्ट ओवलेल्या माळेत मणी सरकत नाही आणि मोजता येत नाही. दुकानातल्या बऱ्याच माळा दिसायला सुंदर, पण इथेच फसलेल्या असतात.

जागा बरोबर वाटली की मेरूमण्याखाली दुहेरी गाठ मारा. नायलॉन असेल तर टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून दाबा. मेणदोरा किंवा रेशीम जाळू नका. गोंडा हवा असेल तर तो गाठीखाली बांधा, निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे धम्मध्वजाचे रंग घेतले तर शोभून दिसतो. प्रत्येक मण्यामागे गाठ मारायची पद्धतही आहे, पण ती मोत्यांसाठी बरी. एवढ्या मोठ्या मण्यांना गरज नाही, आणि नवख्याच्या गाठी सारख्या अंतरावर येत नाहीत.

वापर आणि देखभाल

माळ कोणत्याही हातात धरा. तिबेटी लोक बहुतेक डाव्या हातात धरतात आणि अंगठा-तर्जनीने मणी ओढतात. आपल्याकडच्या हिंदू जपात तर्जनी लावत नाहीत, त्यामुळे घरातली मोठी माणसं टोकतील. तो नियम इथे लागू नाही, त्यांना प्रेमाने सांगा आणि पुढचा मणी ओढा. मेरूमण्यापाशी आलं की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची असा प्रघात आहे. पाळला तर चांगलंच, विसरलात तर काही बिघडत नाही.

अंघोळीला जाताना माळ काढून ठेवा. भोकातून पाणी गरात गेलं की वास येतो. पावसाळ्यात ती डब्यात, औषधांच्या बाटलीत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. भोकातून पिवळी भुकटी गळायला लागली तर आत किडा आहे. तेवढा मणी बदला आणि बाकीची माळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा.

दोरा झिजतो तो मेरूमण्याच्या तोंडाशी, तिथे दर महिन्याला नजर टाका. धागे सुटलेले दिसले की तुटायची वाट न बघता पुन्हा ओवा. गाडीत तुटली तर मणी सीटखाली जातात ते जातातच. म्हणून भोक पाडतानाच पाच-सहा जादा बिया तयार करून डबीत ठेवा, आणि त्या त्याच पुडीतल्या असू द्या. दुसऱ्या वेळी आणलेल्या रिठ्याचा आकार पहिल्याशी जुळेलच असं नाही.